हेराल्ड मोडावी की उभी करावी?

एस. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र)

वार्षिकात मोटारगाडीवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कथा, कविता, सहलीचे वर्णन आणि 'हुंडा : एक सामाजिक समस्या' या नेहमीच्या मंडळींत ही पाहुणी कोठून आली, असे कोणी विचारील. परंतु माझा नाइलाज आहे. गेले चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. जेवताना तोच आणि भांडतानाही तोच. ज्या विषयावर रोज भांडण होते त्यावर निदान एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हा उद्योग.

कराडला आमचे गॅरेज आहे. गॅरेजच्या मागे बाभळीखाली 1969 सालची एक स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. चार दारांची, मूळ रंग फिकट निळा. आता तो कोठे निळा, कोठे पांढरा आणि कोठे नुसताच तांबेरा. गाडी एका डॉक्टरांची. "रिटायर झालो की हिला पहिल्यासारखी करणार," असे ते पंधरा वर्षे म्हणत होते. ते गेले. त्यांच्या मुलीने वारस म्हणून कागदपत्रे आपल्या नावावर करून घेतली आणि मग भंगाराच्या भावाने गाडी आबांना दिली. आबा म्हणजे माझे वडील. गाडी त्यांनी का घेतली हे त्यांनाही धड सांगता येत नाही.

दिवाळीनंतर पुण्याचे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे. ही दोन माणसांची, कापडी छपराची खरी स्पोर्ट्स कार. फोनमधले फोटो त्यांनी आम्हांला दाखविले. गाडी सुंदर आहे, यात वाद नाही. दोन वर्षांपासून ती सुटी करून ठेवली आहे आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून काम अडले आहे. आमच्या हेराल्डचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंगची रॅक आणि पुढच्या दोन्ही चाकांची सगळी जोडणी मिळून त्यांनी सत्तर हजार रुपये देऊ केले. माणूस सभ्य होता, घासाघीस केली नाही. फक्त जाताना म्हणाले, "राहिलेली बॉडी तुम्ही भंगारात घाला, माझी हरकत नाही."

त्यांची हरकत नव्हती. माझी होती, आणि भांडण तेथून सुरू झाले.

हेराल्डचे भाग स्पोर्ट्स कारला कसे चालतात, असा प्रश्न मलाही पडला होता. डॉक्टरांच्या गाडीबरोबर इंग्रजी वर्कशॉप मॅन्युअलही आले आहे. संध्याकाळी मी ते वाचते आणि आबांना मराठीत सांगते. पुष्कळदा मी वाक्य पुरे करण्याआधी आबा ते पुरे करतात, तो भाग वेगळा. या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. हेराल्ड 1959 साली इंग्लंडमध्ये निघाली, आणि तिचीच चासी आखूड करून 1962 साली स्पिटफायर निघाली. दोघींचे रूप काढणारा मिकेलोत्ती हा इटालियन कलावंतही एकच. पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स यांत दोघींचे पुष्कळ जमते. थोरली घरात राबली आणि धाकटी वाऱ्यावर केस उडवीत फिरली, एवढाच काय तो फरक.

धाकटीची एक गोष्ट मला फार आवडते. तिचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा कंपनीजवळ पैसे नव्हते, म्हणून तो कारखान्याच्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवून दिला गेला. 1961 साली लेलँडने ती कंपनी विकत घेतली. नवे मालक कारखाना पाहत फिरत असताना कोणीतरी ते कापड उचलले, आणि गाडी त्यांच्या मनात भरली. ती पुढे 1980 सालापर्यंत निघत राहिली. म्हणजे आज जिच्यासाठी दुसरी गाडी मोडायची आहे, ती स्वतः एकेकाळी कोपऱ्यातली अडगळ होती! त्या दिवशी कापड उचलणाऱ्याऐवजी "एवढे कामाचे भाग काढून घ्या" म्हणणारा माणूस आला असता तर?

आता हेराल्ड. ही गाडी मोडायला फार सोपी आहे, आणि त्यामागे एक कारण आहे. ज्या कारखान्याकडून स्टँडर्ड-ट्रायम्फला पूर्वी बॉड्या मिळत, तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. एकसंध बॉडी करून देणारे कोणी उरले नाही. मग त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करून त्यावर बोल्टांनी बसविले. हेराल्डचे छप्परसुद्धा बोल्ट काढले की निघते. बॉनेट तर पुढच्या मडगार्डांसकट अख्खे पुढे कलंडते, आणि मिस्त्रीला टायरवर बसून इंजिनचे काम करता येते. आबा या एका गोष्टीसाठी त्या इंग्रज माणसांना सगळे माफ करतात. गाडी इतक्या लहान जागेत वळते की आमच्या बोळातून तिला एका दमात फिरविता येत असे. पण जी गोष्ट दुरुस्तीला सोपी, तीच तोडायलाही सोपी. दोन माणसे आणि पान्ह्यांचा एक संच असला की दोन दिवसांत हेराल्डचे नुसते ढीग उरतात.

गाडी उभी करायची की सुटी विकायची, हे गॅरेजात कसे ठरते ते सांगते. कारण आपल्या वर्गात असे प्रश्न बोर्डावर फार लवकर सुटतात. आबा प्रथम इंजिनकडे पाहतच नाहीत. इंजिन म्हणे केव्हाही होते. ते लहान हातोडी घेऊन गाडीखाली जातात. चासीवर ठोकले आणि 'ठण्ण' असा आवाज आला तर लोखंड जिवंत. 'थप' आला तर आत गंज. संशय आला तेथे स्क्रू ड्रायव्हर दाबायचा, तो आत गेला की समजायचे. मग पत्र्यावर चुंबक फिरवायचे. जेथे ते चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते आणि वरून रंगाची मखलाशी असते. आमच्या हेराल्डच्या दाराखालचे आडवे हात कुजले आहेत, डिकीचा तळ गेला आहे. परंतु चासीचे मधले दोन मुख्य दांडे ठणठणीत आहेत. हीच गाडी कोकणातल्या हवेत उभी असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

त्यानंतर कागद. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, चासी-बॉडी-इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला काढायची. या नियमात मला एक गोष्ट मनापासून पटली. त्यात वय विचारले आहे, किंमत विचारलेली नाही. कायद्यापुढे आमची हेराल्ड आणि पुण्याची स्पिटफायर सारख्याच म्हाताऱ्या आहेत.

बाजारात मात्र तसे नाही. आमचा हिशेब असा : पत्राकाम, रंग, इंजिन, वायरिंग, काचांची रबरे, गाद्या, टायर मिळून साडेतीन लाख, आणि यात आबांची मजुरी धरलेली नाही. एवढे करून गाडी विकली तर साडेतीन लाख येतील याची खात्री नाही. उलट सुटी केली तर सत्तर हजार रोख, वर पत्र्याचे भंगार. माझ्या पुस्तकातला 'संधी खर्च' मी आबांना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग तुझं पुस्तक माझ्याच बाजूनं हाय की." आईची बाजू आणखी स्पष्ट आहे. गॅरेजवरचे पत्रे दोन पावसाळे गळताहेत. "आधी वरचे पत्रे बदला, मग गाडीचे बघा," असे ती म्हणते, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही माझे मत सांगते. हा हिशेब खोटा नाही, पण तो एकाच बाजूला झुकलेला आहे. 'करायला किती लागेल आणि झाल्यावर काय येईल' या कसोटीला साधी गाडी कधीच उतरत नाही; स्पोर्ट्स कार नेहमी उतरते. परिणामी साधी गाडी मोडून स्पोर्ट्स कार उभी करणे शहाणपणाचे ठरते. एकेकाला हे पटते, आणि पन्नास वर्षांनी मागे पाहावे तर चैनीच्या गाड्या तेवढ्या उरलेल्या असतात. ज्या गाडीतून माणसे दवाखान्यात गेली, लग्नाला गेली, बाजारहाटाला गेली, ती गाडी दाखवायला एकही नसते.

ही माझ्या डोक्यातली भीती नव्हे, असे घडलेले आहे. फेरारीची 250 जीटीओ ही शर्यतीची गाडी 1962 ते 1964 या काळात फक्त 36 झाली. त्याच सुमारास त्याच कंपनीने 250 जीटीई नावाची चार माणसांची गाडी केली होती, सुमारे 950. आई-बाप आणि दोन मुले जातील अशी फेरारी, म्हणजे त्या घराण्यातली हेराल्डच म्हणा! पुढे जीटीओची किंमत आभाळाला भिडली आणि लोकांनी कितीतरी जीटीई मोडून, त्यांची चासी व इंजिन घेऊन जीटीओच्या नकला केल्या. आता उरलेल्या जीटीईलाही लोक मोठी किंमत मोजतात. खुद्द हेराल्डचीही हीच गत झाली. इंग्लंडमध्ये 1970 नंतर 'जेंट्री' नावाचा एक संच मिळू लागला. हेराल्डची बॉडी काढून टाकायची, त्या चासीवर हा सांगाडा चढवायचा, की एम. जी. टी. एफ. या जुन्या स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी गाडी तयार. खरी हेराल्ड गेली आणि खोटी एम. जी. आली. हा सौदा कोणाच्या फायद्याचा झाला?

आबांचे म्हणणे मात्र मला येथे लिहिलेच पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. शिवाय ते हा अंक वाचून घेणार आहेत. त्यांच्या मते गाडी सुटी करणे हे पाप नाही. आमच्या गॅरेजात जी जुनी गाडी चालू होऊन बाहेर पडते तिच्यात कोणत्या ना कोणत्या मेलेल्या गाडीचा भाग असतोच. मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या बाजारात जाऊन त्यांनी आयुष्यभर तेच केले. "आगं, मानसं नेत्रदान करत्यात का न्हाई?" असे त्यांनी एकदा विचारले. मी म्हटले, "आबा, नेत्रदान मेल्यावर करतात. येथे डोळे हवेत म्हणून आधी मारायला निघालोय." ते हसले, पण त्यांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरला नाही. सगळ्यांत वाईट गती सुट्या केलेल्या गाडीची नव्हे, तर 'कधीतरी करू' म्हणून ठेवून दिलेल्या गाडीची होते. डॉक्टरांनी गाडीवर प्रेम केले आणि पंधरा वर्षे ती पावसात कुजविली. मोडणाऱ्याने निदान चार गाड्या जगविल्या असत्या. हे बोलणे मला त्या वेळी फार लागले, कारण माझी योजनाही तोवर 'कधीतरी करू' याच जातीची होती.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. कोणती गाडी अधिक मोलाची, हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी विचारावे, मोडल्यावर काय परत मिळेल आणि काय मिळणार नाही? स्पिटफायर ही जगभरच्या हौशी लोकांची आवडती आहे, त्यामुळे तिचे पुढच्या चाकांचे भाग, स्टिअरिंगची रॅक, गिअरबॉक्सची बेअरिंगे आजही इंग्लंडमध्ये नवी तयार होतात आणि टपालाने येतात. महाग पडतात, जकात भरावी लागते, पण येतात. आणि आमच्या हेराल्डचे? हेराल्ड 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीच्या कारखान्यात होऊ लागली. इंग्लंडची हेराल्ड दोन दारांची. आपल्याकडे गाडी म्हणजे सगळे घर, मागच्यांनी पुढची खुर्ची पाडून आत शिरायचे हे लोकांना आवडेना. म्हणून मद्रासवाल्यांनी तिला चार दारे केली. चार दारांची हेराल्ड जगात दुसरीकडे कोठेच झाली नाही! पुढे 1972 साली त्यांनी 'गझेल' काढली, आणि 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो कारखाना मोटारींच्या धंद्यातून उठला. आमच्या गाडीचे मागचे दार आज कोठल्या दुकानात मिळेल? कोठेच नाही.

म्हणजे गंमत पाहा. पुण्याच्या गृहस्थांना जे हवे आहे ते पैसे टाकून मिळणारे आहे, आणि ते काढून घेतल्यावर भंगारात जाणार ते न मिळणारे. ज्याला ते 'राहिलेली बॉडी' म्हणाले, तीच मुळी दुर्मीळ! हे लक्षात आल्यावर मी आबांना विजयी मुद्रेने सांगितले. आबांनी शांतपणे उलटा डाव टाकला : "मग मिळनारं त्येनला इकू, आन बॉडी ठिवू. फुडं आपन नवं मागवू." तर्काने हे बिनतोड होते. दोन दिवस मला काही सुचेना. शेवटी आबांनीच ते खोडून काढले. चाके काढलेली गाडी विटांवर चढते, आणि विटांवर चढलेली गाडी खाली उतरलेली त्यांनी उभ्या आयुष्यात तीनदा पाहिली. जागा अडते, पोरे काचा फोडतात, आणि एके दिवशी भंगारवाला येतो. गाडी चाकांवर उभी आहे, ढकलली तर हलते, तोवरच तिला गाडी म्हणतात.

म्हणून माझे मत असे की, ज्या गाडीची चासी शाबूत, कागद पूर्ण आणि सगळे भाग जागच्या जागी, तिला दुसरीसाठी उघडू नये. मग ती दुसरी कितीही देखणी असो. चासीच गेली असेल, कागद नसतील, निम्मी गाडी आधीच कोणी नेली असेल, तर मात्र रडत बसू नये. खुशाल सुटी करावी, आणि कोणता भाग कोणाच्या गाडीत गेला हे वहीत लिहून ठेवावे. आणि उभी करायची म्हणजे प्रदर्शनात आरशासारखी चमकवायची, हा हट्टही सोडावा. साडेतीन लाखांतले निम्मे तर त्या चमकण्याचेच आहेत. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, ब्रेक धरू लागले, इंजिन चालू झाले की पुरे. रंग फिका राहिला तर राहू दे. डॉक्टरांच्या वेळचा तो रंग आहे, तोही एक कागदच समजायचा.

पुण्याच्या गृहस्थांना काय कळवायचे हे महिनाभर ठरत नव्हते. मधेच एक लहानसा योग आला. हेराल्डच्या पुढच्या चाकांत पितळी आट्यांचा एक सांधा असतो, ट्रनियन म्हणतात त्याला. त्यात गिअरचे तेल घालायचे असते. लोक सवयीने ग्रीस मारतात, आटे कोरडे पडून गंजतात आणि एक दिवस चाक आडवे होते. मॅन्युअलात हे वाचून मी मोठ्या उत्साहाने आबांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, डॉक्टरांना हे त्यांनीच सांगितले होते आणि जास्तीचा एक जोड आणून ठेवायलाही सांगितले होते. आम्ही डिकी उघडली. कुजलेल्या तळावर लाकडी पेटी, पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेलाने माखलेले दोन सांधे आणि त्यांचे उभे दांडे. कोरे करकरीत!

आबांनी तो जोड नऊ हजारांना पुण्याला दिला. गिअरबॉक्स देणार नाही, असेही फोनवर सांगितले आणि विचारले, "तुमच्या मूळ गिअरबॉक्सला झालंय काय?" गृहस्थ म्हणाले, आवाज करतो, म्हणून बदलायचा आहे. कोणी उघडून पाहिला होता का? नाही. "मग घेऊन या की."

मागच्या रविवारी तो आला. आबांनी बाकावर कापड अंथरून तो उघडला, मी दिवा धरला. दातेरी चाके चांगली आहेत. खालच्या जोडदांड्याची बारीक बेअरिंगे तेवढी झिजली आहेत. ती इंग्लंडहून यायला तीन आठवडे लागतील. गृहस्थ दोन संच मागविणार आहेत, एक त्यांच्यासाठी आणि एक आमच्या हेराल्डसाठी, मजुरीतून वळते करून. आईने विचारले, वरच्या पत्र्यांचे काय? नऊ हजारांत अकरा पत्रे आले आहेत, एकूण सव्वीस लागतात. पावसाच्या आत निदान बाकाच्या वरचा भाग झाकून होईल, असे आबा म्हणतात.